पराभवसुद्धा आधीच विकून बसलेला संघ

३१ डिसेंबर २०२३. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना संपत आला होता. आपल्याकडे तोवर नवीन वर्ष लागून दोनेक तास झाले होते. कॅरोलायना पँथर्स २६-० असा मार खात होते. वरच्या महागड्या बॉक्समध्ये संघाचे मालक डेव्हिड टेपर बसले होते. त्यांचा तोल सुटला आणि हातातल्या ग्लासातलं पेय त्यांनी खाली बसलेल्या प्रेक्षकांच्या अंगावर भिरकावलं. कॅमेऱ्यात सगळं आलं. दोन दिवसांत लीगने त्यांना ३ लाख डॉलर दंड ठोकला.

पँथर्सचं गाव शार्लट, आणि शार्लटमध्ये माझा मावसभाऊ राहतो. बँकांचं शहर आहे ते, त्यामुळे आपल्याकडची आयटीवाली मंडळी तिथे बरीच. त्याने ती क्लिप घरच्या ग्रुपवर टाकली. अमेरिकन फुटबॉलमधलं मला तेव्हा एकच कळत होतं, की शेवटून पहिल्या आलेल्या संघाला पुढच्या वर्षी सगळ्यात आधी नवा खेळाडू निवडता येतो. त्याची समजूत घालायला मी लिहिलं, "जाऊ दे रे, पहिला नंबर तरी मिळेल."

उत्तर आलं, "दादा, तो नंबर शिकागोचा आहे. आपण मार्चमध्येच विकलाय."

हे काय प्रकरण आहे ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. तुमचा तेवढा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी खेळ, दोन मिनिटांत

कबड्डी डोक्यात ठेवा, सोपं जाईल. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या अकरा जणांना चार चढाया मिळतात. त्या चारांत मिळून १० यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा चार चढाया, नाही तर चेंडू समोरच्याकडे. असं करत करत १०० यार्डांच्या मैदानाचं टोक गाठायचं. टोक गाठता येत नाही असं दिसलं तर चेंडू दोन खांबांच्या मधून लाथाडून ३ गुण पदरात पाडून घ्यायचे. त्याला फील्ड गोल म्हणतात.

जवळजवळ प्रत्येक चढाईत चेंडू आधी एकाच माणसाच्या हातात येतो, तो क्वार्टरबॅक. कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा की स्वतःच पळायचं, हे त्याने तीन सेकंदांच्या आत ठरवायचं. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात. भिंत फुटली आणि चेंडू हातात असतानाच तो चिरडला गेला, तर त्याला सॅक म्हणतात.

एनएफएल या लीगमध्ये असे ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाला हंगामात १७ साखळी सामने मिळतात. २०२३ मध्ये पँथर्सनी त्यांतले २ जिंकले, १५ हरले.

शेवटून पहिला म्हणून पहिला

लहानपणी गल्लीत गडी वाटून घ्यायचो ते आठवा. दोन कप्तान समोरासमोर आणि बाकीची पोरं ओळीत. गेल्या वेळी हरलेला कप्तान म्हणायचा, "आधी मी मागणार." ड्राफ्ट म्हणजे हेच, फक्त कोटपँटीत. दर एप्रिलमध्ये कॉलेजात खेळलेल्या मुलांची निवड होते, सात फेऱ्यांत. प्रत्येक फेरीत सगळ्यात वाईट संघ आधी आणि विजेता सर्वांत शेवटी. फिलाडेल्फिया ईगल्सचे तेव्हाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९३६ पासून ती सुरू आहे. बेल यांचा स्वतःचा संघ तेव्हा तळाशी होता, हे सांगून ठेवतो.

एक गोष्ट मात्र गल्लीत नव्हती. इथे आपला नंबर दुसऱ्याला विकता येतो. अगदी पुढच्या वर्षीचा, त्याच्याही पुढच्या वर्षीचासुद्धा. पैसे घेऊन नाही, तर खेळाडूच्या किंवा दुसऱ्या नंबरांच्या बदल्यात.

मग आयपीएलसारखा लिलाव का नाही?

आयपीएलमध्ये ज्याच्याकडे पैसे शिल्लक, तो बोली लावतो. इथे नव्या मुलाला निवडीचा अधिकार नसतो. ज्या संघाने नाव पुकारलं, त्याच गावी जायचं. शिवाय त्याचा पगार तो कितव्या नंबरावर निवडला गेला यावरून जवळपास ठरलेला असतो. २०१० मध्ये पहिल्या आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला ६ वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. मग नियम बदलला. पुढच्याच वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनला ४ वर्षांचे मिळून २ कोटी २० लाखांच्या आसपास मिळाले.

खरी मेख इथे आहे. प्रत्येक संघाला खेळाडूंच्या पगारावर एकसारखी मर्यादा असते. २०२३ मध्ये ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनचा करार झाला वर्षाला सरासरी ५ कोटी २० लाखांचा. म्हणजे घरखर्चाच्या चौथ्या हिश्शाजवळ एकटाच जाणार. त्याउलट त्याच वर्षी ड्राफ्टमधून आलेला पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक चारही वर्षांचे मिळून ३ कोटी ८० लाखांच्या आत आला. असा मुलगा चांगला निघाला तर उरलेल्या पैशांत बाकीचं घर सजवता येतं. म्हणून चांगला क्वार्टरबॅक स्वस्तात मिळण्याची एकच खिडकी असते, ती म्हणजे ड्राफ्टचा वरचा नंबर. आणि त्या खिडकीपुढच्या रांगेत पुढे उभं राहायचं तर आधी भरपूर हरावं लागतं.

पँथर्सना हा मार्ग ओळखीचा होता. २०१० मध्ये (तेव्हा सामने १६ असायचे) ते २-१४ ने, म्हणजे दोन जिंकून चौदा हरून, तळाला गेले, म्हणून न्यूटन मिळाला. पाच वर्षांनी २०१५ मध्ये तोच संघ १५-१ झाला, न्यूटन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथे डेन्व्हरकडून हरले, पण शार्लटमध्ये त्या हंगामाची आठवण अजून काढतात.

कराराने दिलेली बाग

२०२२ चा हंगाम अर्धवट वाईट होता. ७-१०. पाच सामन्यांनंतर प्रशिक्षकाला काढलं, सगळ्यात भरवशाचा खेळाडू ख्रिश्चन मॅकॅफ्री सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकला, क्वार्टरबॅक बदलून बदलून पाहिले. इतकं करून ड्राफ्टचा नंबर आला नववा. हरले, पण पुरेसे हरले नाहीत.

पहिला नंबर होता शिकागो बेअर्सकडे, आणि त्यांना तेव्हा क्वार्टरबॅक नको होता. १० मार्च २०२३ ला सौदा झाला. पँथर्सना पहिला नंबर. बदल्यात शिकागोला त्या वर्षीचे नववा आणि एकसष्टावा हे दोन नंबर, २०२४ चा पहिल्या फेरीतला नंबर, २०२५ चा दुसऱ्या फेरीतला नंबर, आणि वर डी. जे. मूर. हा मूर म्हणजे पँथर्सचा सगळ्यात चांगला चेंडू पकडणारा गडी.

यातला २०२४ चा नंबर नीट पाहा. कोकणात मोहर बघून आंब्याची बाग कराराने देतात. व्यापारी येतो, झाडं पाहतो, आकडा सांगतो. पीक बुडालं तर नुकसान व्यापाऱ्याचं. पँथर्सनी दिलेल्या बागेचा कायदा उलटा होता. मालकाच्या घरी जितकी दैना, तितका व्यापाऱ्याचा आंबा गोड. पँथर्स बरे खेळले असते तर शिकागोच्या हाती मधला कुठलातरी नंबर लागला असता. पँथर्स रसातळाला गेले तर पहिला.

पँथर्सचा हिशोब असा दिसतो, की नवा मुलगा आणि नवा प्रशिक्षक आल्यावर आपण आठ-नऊ सामने जिंकू. लीगमधला त्यांचा गट कमकुवतच होता. त्या वर्षी टँपा बेने तो अवघ्या ९-८ वर जिंकला. हिशोब वेडेपणाचा नव्हता. फक्त चुकला तर काय, याची सोय त्यात नव्हती.

मैदानावर काय झालं

पहिल्या नंबरावर त्यांनी घेतला ब्राइस यंग. अलाबामा विद्यापीठाचा, कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च हाइझमन पुरस्कार मिळवलेला, डोक्याने शांत. उंची पाच फूट दहा इंच. रस्त्यावर ही उंची ठीक आहे. पण समोर सव्वासहा फुटांची भिंत आणि तिच्या पलीकडे तसेच धावून येणारे, अशा जागी उभं राहून वीस यार्डांवरचा आपला गडी शोधायचा तर अवघड. भिंत तरी शाबूत हवी होती. ती फुटत राहिली. दुखापतींमुळे भिंतीतल्या गार्ड नावाच्या जागांवरची माणसं बदलत राहिली आणि यंग हंगामभरात ६२ वेळा सॅक झाला. मूर शिकागोला गेल्यामुळे ज्याच्याकडे चेंडू टाकावा असा उरला होता तेहतिशीचा अ‍ॅडम थिलेन. त्याने जीव तोडून १०३ झेल घेतले. तिकडे मूरने शिकागोत कारकीर्दीतली सर्वोत्तम कामगिरी केली, चेंडू पकडून १,३६४ यार्ड.

पहिले सहाही सामने गेले. ऑक्टोबरच्या शेवटी ह्यूस्टनविरुद्ध १५-१३ असा पहिला विजय मिळाला. प्रशिक्षक फ्रँक राइक हे १९९५ मध्ये पँथर्सच्या पहिल्यावहिल्या सामन्यातले क्वार्टरबॅक, त्यामुळे त्यांचं येणं माहेरी आल्यासारखं वाटलं होतं. चढाईचे डाव कोणी सांगायचे यावरच घोळ झाला. राइकनी ते काम सहकाऱ्याकडे दिलं, तीन सामन्यांनी परत घेतलं. १-१० झाल्यावर, २७ नोव्हेंबरला, राइकना घरी पाठवलं. अवघे ११ सामने.

नोव्हेंबरमधला एक सामना तर क्रूर विनोद होता. ९ तारखेला पँथर्स शिकागोतच खेळले आणि १६-१३ ने हरले. म्हणजे शिकागोने एकाच संध्याकाळी सामना जिंकला आणि आपल्याच हातातला उधारीचा नंबर वर सरकवला.

दुसरा विजय १७ डिसेंबरचा, शार्लटमध्ये, अटलांटाविरुद्ध. त्या सामन्याला माझा भाऊ होता. ऑफिसातल्या एकाने तिकीट फुकट दिलं होतं, "पार्किंग मात्र माझं" असं तो अजून सांगतो. पाऊस असा, की रेनकोटच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत येत होतं. रांगाच्या रांगा रिकाम्या. पँथर्स ७-६ ने मागे होते, आणि अटलांटा आणखी गुण घेणार असं दिसत असताना त्यांच्या क्वार्टरबॅकने चेंडू पँथर्सच्याच हातात फेकला. तिथून यंगने संघ मागच्या टोकापासून पुढे नेला, ९० यार्ड, थोडं थोडं करत, साडेसात मिनिटं घड्याळ खात. वेळ संपता संपता फील्ड गोल. ९-७. शेजारचा ओळखदेख नसलेला म्हातारा याच्या गळ्यात पडला म्हणे. अशा हंगामात ९० यार्डसुद्धा पुरतात.

पुढे ग्रीन बेविरुद्ध ३३-३० ने हरले, आणि शेवटचे दोन सामने शून्यावर: २६-० आणि ९-०. अख्ख्या हंगामाचे गुण २३६, म्हणजे सामन्याला चौदासुद्धा नाहीत. ३१ डिसेंबरला, त्या ग्लासवाल्या दिवशीच, पहिला नंबर शिकागोच्या नावे पक्का झाला.

"मुद्दाम हरले असतील"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. हरण्याला बक्षीस असेल तर लोक हरणारच, असं आपलं भारतीय डोकं चटकन चालतं. अमेरिकन बास्केटबॉलवाल्यांनाही ही भीती होती, म्हणून तिथे १९८५ पासून तळाच्या संघांत चिठ्ठ्या काढतात. फुटबॉलमध्ये अजून थेट उलटी रांग आहे.

पण मुद्दाम हरणार कोण? खेळाडूंच्या करारातला बराच भाग हमीचा नसतो. आज ढिला खेळला तर उद्या बाहेर. प्रशिक्षक हरला तर त्याला काढतात आणि त्याच्या हरण्यातून आलेला हिरा पुढचा प्रशिक्षक वापरतो. मुद्दाम हरवायचाच असेल तर तो वर बसलेला माणूस हरवू शकतो: चांगले खेळाडू विकून, भिंत दुरुस्त न करून. पँथर्सच्या बाबतीत तर त्यालाही कारण नव्हतं. या संघाला हरून काडीचा फायदा नव्हता. एरवी हरणारा संघ डिसेंबरमध्ये स्वतःला सांगतो, एप्रिल येऊ दे. इथे एप्रिलसुद्धा दुसऱ्याच्या नावावर होता.

"मालकाचं काय गेलं?"

खरं सांगायचं तर फार नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे तीन संघ खालच्या विभागात ढकलले जातात, उत्पन्न आटतं. एनएफएलमध्ये कुणी खाली जात नाही, आणि टीव्हीचा पैसा ३२ जणांत सारखा वाटला जातो. त्याचा आकडाही कळतो, कारण ग्रीन बे पॅकर्स हा संघ हजारो भागधारकांचा आहे आणि दरवर्षी हिशोब जाहीर करतो. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात त्यांच्या वाट्याला लीगकडून ४० कोटी २३ लाख डॉलर आले. २-१५ वाल्यांचा वाटा तेवढाच. खेळाडूंच्या पगाराची मर्यादा आठवा: साडेबावीस कोटींच्या आत. तिकीट विकायच्या आधीच पगार निघून वर उरले. टेपर यांनी २०१८ मध्ये संघ सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपास घेतला होता. २०२३ मध्ये वॉशिंग्टनचा, तोही काही धड न चाललेला, संघ ६ अब्जांच्या वर गेला.

झळ बसते ती प्रेक्षकाला, आणि शार्लटमध्ये जरा जास्तच. नव्वदच्या दशकात स्टेडियम बांधताना पँथर्सनी लोकांकडून जे पैसे उभे केले त्याला पर्मनंट सीट लायसन्स म्हणतात. लीगमध्ये ही पद्धत त्यांनीच रुळवली. मुंबईकराला ती एका शब्दात कळेल, पागडी. एकरकमी पैसे भरले की त्या खुर्चीवर हक्क तुमचा, पण भाडं वेगळं, म्हणजे दरवर्षीची तिकिटं विकत घ्यायचीच. नाही घेतली तर हक्क गेला. तीस वर्षांपूर्वी ज्याने खुर्ची घेतली त्याला संघ २-१५ असला तरी "या वर्षी राहू दे" म्हणता येत नाही. माझ्या भावाला तिकीट फुकट का मिळालं, ते आता कळलं असेल.

"चुकीचा मुलगा निवडला, एवढंच ना?"

शार्लटमध्ये हीच जखम सगळ्यात ओली आहे. कारण यंगच्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरावर ह्यूस्टनने सी. जे. स्ट्राउड घेतला. तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. ह्यूस्टनने १०-७ करून गट जिंकला, बाद फेरीतही एक सामना मारला. एक पायरी खाली थांबले असते तर, असं लोक म्हणतात.

मला ते अर्धंच पटतं. स्ट्राउडला त्या फुटक्या भिंतीमागे, मूरशिवाय, डाव कोणी सांगायचे यावर भांडणाऱ्या घरात ठेवला असता तर काय झालं असतं हे कुणालाच ठाऊक नाही. पण शिकागोत काय झालं ते ठाऊक आहे. पँथर्सच्या नंबरावर २०२४ मध्ये त्यांनी केलेब विल्यम्स घेतला, दहा वर्षांतला एखादाच असा म्हणून गाजवलेला. पहिल्या वर्षी तो ६८ वेळा सॅक झाला, यंगपेक्षा सहा जास्त. शिकागो ५-१२. त्यांनीही हंगामाच्या मध्येच प्रशिक्षक काढला. पँथर्सही त्या वर्षी ५-१२ च. सूनबाई कितीही कर्तबगार असो, छपरातून पाणी गळत असेल तर ती आधी बादल्याच लावणार. माझा आक्षेप मुलाच्या निवडीला नाही. छपराचे पैसे देऊन सून आणली, याला आहे.

हप्ते कधी फिटले

एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या दिवशी पँथर्सकडे पुकारायला नंबर नव्हता. धडपड करून, बफेलोशी अदलाबदल करून त्यांनी पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा, बत्तिसावा मिळवला. यंगला त्या हंगामात दोन सामन्यांनंतर बाकावर बसवलं, पुढे परत आणलं. बचाव तर असा, की विरोधकांनी हंगामात ५३४ गुण ठोकले, लीगच्या इतिहासातले सर्वाधिक. शेवटचा हप्ता गेला एप्रिल २०२५ मध्ये: दुसऱ्या फेरीतला एकोणचाळिसावा नंबर, त्यावर शिकागोने ल्यूथर बर्डन घेतला. दोन वर्षं, एक महिना आणि काही दिवस.

त्यानंतरच्या हंगामात पँथर्स ८-९ झाले. म्हणजे पुन्हा जिंकल्यापेक्षा हरलेच जास्त. पण गटातले बाकीचेही तसेच, त्यामुळे बरोबरीच्या नियमांनी गट यांना मिळाला आणि जानेवारी २०२६ मध्ये बाद फेरीचा सामना शार्लटमध्ये झाला. लॉस एंजेलिसच्या रॅम्सविरुद्ध ३४-३१ असे शेवटच्या मिनिटात हरले. भावाचा मेसेज सकाळी पाहिला. घसा बसलाय, असं लिहिलं होतं. मी विचारलं, ड्राफ्टमध्ये कितवा नंबर येतोय?

"एकोणिसावा," तो म्हणाला. "पण आपलाच."